खाल्लेल्या तांदळाचं काम

दिघोरीची सरिता साकोलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकली आणि नागपूरच्या एका संस्थेसाठी टॅबवर सर्वेक्षणाचे फॉर्म भरू लागली. संस्था जगाच्या अर्थव्यवस्थेचं मॉडेल बनवत होती. कुठे किती माणसं राबतात, काय पिकवतात, ते कुठे जातं, हे सगळं एका नकाशावर दिसणार होतं. त्यात आपलं गावही असणार, याचा सरिताला अभिमान होता.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिने एकशे सेहेचाळीस बायांचे फॉर्म भरले. एक प्रश्न असा होता: शेतातलं पीक विकायचं की घरी खायचं? ‘घरी खायचं’ म्हटलं की टॅब पुढचे प्रश्न गाळून त्या बाईला ‘रोजगारात नाही’ या रकान्यात टाकायचा. सरिताला ते खटकलं, पण तिने पुढचं बटण दाबलं.

दिवाळीनंतर साकोलीच्या एका सभागृहात नकाशा दाखवायचा कार्यक्रम झाला. संस्थेने गावातल्या काही बायांनाही बोलावलं होतं. सरिताने शेजारच्या देवकाबाईला सोबत नेलं. संस्थेचे भूपेंद्र सर पडद्यावर बोट लावत जगावरून भारतावर, तिथून भंडाऱ्यावर, मग दिघोरीवर आले. काम करणाऱ्या पुरुषांचं वर्तुळ वाटीएवढं होतं, बायांचं मोहरीएवढं.

देवकाबाईने कारण विचारलं. सरिताला खरं सांगावं लागलं, की घरच्या पोटासाठी पिकवलेला धान इथे काम म्हणून धरत नाहीत.

देवकाबाई उभी राहिली. “साहेब, चिखलात वाकून वाकून धान मीच रोवला. तो इकला असता तं काम झालं असतं, अन् लेकरायनं खाल्ला तं मी रिकामी?”

भूपेंद्र सर शांतपणे म्हणाले, की व्याख्या सगळ्या जगात एकच आहे, नाहीतर देशांची तुलना कशी करणार? सरितालाही ते कळत होतं. तिने एवढंच मागितलं, की या बायांचे तास निदान दुसऱ्या रंगात दाखवा. त्यावर ते म्हणाले, मॉडेलमध्ये तसा रकानाच नाही. मग चहा आला आणि बायांना फोटोसाठी रांगेत उभं केलं.

परतीच्या बसमध्ये सरिताचा संताप मावत नव्हता. संस्थेवर होताच, त्याहून जास्त स्वतःवर. ते बटण शंभरावर वेळा तिच्याच बोटाने दाबलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती वही घेऊन पुन्हा त्याच घरांत गेली. रोवणी, निंदण, कापणी, जळतण, पाणी, सगळ्याचे तास विचारले. महिनाभरात तिने घरच्या लॅपटॉपवर तक्ता केला. प्रत्येक बाईची एक पट्टी होती, मोजलेले तास निळे आणि न मोजलेले लाल. कागदभर लालच लाल झालं. तो तिने संस्थेला पाठवला. उत्तर आलं, की परस्पर माहिती गोळा करणं नियमात बसत नाही. पुढच्या फेरीला तिला बोलावलं नाही.

सरिताने तक्ता मोठा छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. बाया आपापली पट्टी शोधू लागल्या. देवकाबाईने आपल्या पट्टीवर बोट ठेवलं. “हे कमी भरलंस तू. उकड्या तांदळासाठी धान उकडणं, वाळवणं कुठी गेलं?” सरिताने वही काढली आणि तिथेच उभ्याने दुरुस्ती केली.

उन्हाळ्यात संस्थेचा अहवाल संकेतस्थळावर आला. दिघोरीच्या बाया होत्या तेवढ्याच, मोहरीएवढ्या. शेवटच्या पानावर मात्र सरिताचे आभार मानले होते. तिने लिहून कळवलं, माझं नाव काढा. एका तासात नाव निघालं.

आता सरिता सिहोरा गावातल्या बायांचे तास लिहून घेते आहे. तिथे मोजायला तिला कोणी सांगितलेलं नाही.