दोन ठोक्यांच्या मधला घास

खेडकर सर भेटले की ‘कशी आहेस’ असं कधी विचारत नसत. सरळ मनगट धरायचे आणि घड्याळाकडे बघत उभे राहायचे. बाजारात, देवळाच्या पायरीवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, समोर जिलबी वाढलेली असताना. गावात त्यांना नाडीमास्तर म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पाथर्डीकडच्या आमच्या शाळेत ते विज्ञान आणि खेळ दोन्ही शिकवत. मूळचे पुणतांब्याचे, पाटाच्या पाण्यावर वाढलेले. त्यामुळे शरीराची गोष्टही ते रानातल्या भाषेत सांगत. “काळीज साऱ्या अंगाला वाढतं, अन् स्वतः दोन ठोक्यांच्या मधी जेवतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही हसायचो. मला ते वाक्य कळलं, तेव्हा माझ्या शिक्षणावर बेतलं होतं.

बहात्तरचं साल, विहिरी आटलेल्या. मी दोन हंडे घेऊन रोज डोंगर चढे-उतरे आणि सर म्हणत, हीच तुझी तालीम. तालुक्याची शर्यत मी जिंकले. दिवाळीनंतर घरचे मला घेऊन ऊसतोडीला जाणार होते. सरांनी वडिलांकडे शब्द टाकला, जिल्ह्याच्या शर्यतीत नगरला पोरगी पहिली आली तर तिला शाळेतच ठेवायची. वडील कबूल झाले.

नगरला पळायचं तर डॉक्टरचा दाखला हवा होता. वडील आणि सर मला दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझी नाडी मोजली, पन्नासाच्या आत भरली. पुन्हा मोजली, तेवढीच. अशक्त दिसते, हृदय कमजोर असावं, पळू देऊ नका, असं ते म्हणाले. वडिलांचा चेहराच उतरला.

“मास्तर, काळीज कच्चं असंल तर पोरगी डोळ्यांपुढं ऱ्हाऊ द्या. उसाच्या फडावर नेतो संगं.”

सर चिडले नाहीत. आधी पळवा, मग सांगा, असं त्यांनी डॉक्टरांना विनवलं. मी दवाखान्याच्या पायऱ्या दम लागेपर्यंत चढले, उतरले. नाडी तिपटीने वाढली आणि बसल्यावर भराभर खाली आली. डॉक्टर स्वतःच्याच घड्याळाकडे बघत राहिले. सर मात्र वडिलांशेजारी बाकावर टेकले.

“पाटील, कच्चं न्हाई, लई कसलेलं हाय. एका ठोक्यात दोन ठोक्यांचं काम करतं, म्हणून सावकाश चालतं अन् निवांत जेवतं. पळताना जेवायला वेळ कमी पडतो, तवा ते आपल्याच रगताचं दार रुंद करून घेतं. तुमी वाफ्याला पाणी कमी पडलं की दार मोठं करता का न्हाई?”

 “करतो की,” वडील म्हणाले. तोवर डॉक्टरांनी छातीला नळी लावून पुन्हा नीट तपासलं, आपली चूक झाली असं मोकळेपणाने सांगितलं आणि दाखला लिहिला. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

नगरच्या मैदानावर शेवटच्या फेरीत मी पाचवी होते. छाती धडधडत होती, पण भीती कसली ती नव्हती. जेवतंय ते, जेवू दे, एवढंच मनात होतं. चौघींना मागे टाकून मी फीत तोडली. इतका आनंद मला पुढे नोकरी लागली तेव्हाही झाला नाही.

शाळेने आणलेला हार हेडमास्तरांनी सरांच्या गळ्यात घातला. तेवढ्यात शर्यत बघायला आलेल्या आमच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाने वडिलांना विचारलं, पोरगी कधी निघणार.

“ती न्हाई येत,” वडील म्हणाले. “तिच्या वाट्याच्या मोळ्या मी वाहीन.”

सरांनी गळ्यातला हार काढला आणि भर मैदानात वडिलांच्या गळ्यात घातला.