दोन नंबरच्या खोलीतला भाडेकरू

आमची म्हैस एकदा अडीच तास कॉलेजच्या पोरांच्या खोलीत राहिली, आणि तिला तिथे मी ठेवलं होतं. त्या दिवशी घरात होते ते सोडून हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी ते साऱ्या लवळे गावाला सांगितलं, तो भाग वेगळा. पण सगळं माझ्या तोंडून आज पहिल्यांदाच.

मुळात मी कमी बोलणारा माणूस. माझ्या वतीने बोलायचं काम माझे चुलतभाऊ बाजीदादा करतात. माझ्या घराला रंग कुठला द्यायचा आणि मी मिशी किती ठेवायची, हेही तेच ठरवतात. माझ्या मुलीच्या, प्राजूच्या, लग्नाचं बघायला लागलो तेव्हा तिचा बायोडाटाही त्यांनीच लिहिला. त्यात होतं, ‘वडील : उद्योजक (हॉस्टेल व्यवसाय).’ हॉस्टेल म्हणजे घरामागे विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या तीन खोल्या! तीस वर्षं दोन्ही वेळ म्हशीची धार काढणारा जो मी, तो त्या कागदावर कुठेच नव्हता. मी तो दोनदा वाचला. वाटलं, माणूस तर बरा दिसतोय. कोण असेल?

प्राजूने मात्र मला बाजूला घेऊन बजावलं, “पप्पा, खोटं सांगून जमवलेलं लग्न मी करणार नाही. पाहुण्यांसमोर नाही म्हणेन हं!”

“खोटं कशाला सांगू गं?” मी म्हणालो. तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं.

पाहुणे बावधनहून तीन वाजता येणार होते. बाजीदादा दोनलाच आले आणि फाटकात कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“ह्यो गोठा फाटकाशीच हाय. फ्लॅटात ऱ्हाणारी मान्सं ती. आत आल्या आल्या पयली म्हस दिसायची! लोक काय म्हंतील?”

“पण दादा, तिला न्यायची कुठं?”

“दोन नंबरची खोली मोकळी हाय की. पोरं सुट्टीला गेल्यात.”

“अहो, म्हैस आहे ती!”

“मग? अटॅच बाथरूम हाय!”

मी गोणपाटं आणायला गेलो.

फरशीवर गोणपाटं अंथरली आणि मैनेला, म्हणजे आमच्या म्हशीला, पेंड दाखवत आत घेतली. ती दारात थांबली आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की मी नजर चुकवून कडी लावली. रिकाम्या गोठ्यात बाजीदादांनी स्वतःची पांढरी गाडी उभी केली. म्हणजे खोलीत म्हैस आणि गोठ्यात गाडी! एवढ्यावरही भागेना, म्हणून त्यांनी मला स्टार्चचा पांढरा सदरा चढवला, अत्तर चोपडलं आणि मिशी काळी केली. माझी बायको सुमन पोह्यांची फोडणी टाकून बाहेर आली, तर म्हणते कशी, “बसा, हे आतच आहेत.”

पाहुणे चांदणी चौकाच्या गर्दीत अडकले आणि पाचला पोचले. मुलाचे वडील शंकरराव, आई आणि मुलगा निखिल.

“गाडी छान आहे. तुमची का?” शंकररावांनी विचारलं.

बाजीदादा म्हणाले, “त्यांचीच!” मी मान हलवली.

“पण गाडीपुढे गव्हाण कशाला?”

“नवी फॅशन हाय.” मी परत मान हलवली.

आता पाच ही मैनेच्या धारेची वेळ. हे मला माहीत होतं, मैनेला तर होतंच होतं. बाजीदादांना नव्हतं. प्राजू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि त्याच क्षणी मागून आवाज आला. कपबश्या थरथरल्या!

शंकररावांनी मान वर केली. “हे काय?”

“भाडेकरू हाय,” बाजीदादा म्हणाले. “इंजिनेरिंगचा.”

“असा ओरडतो?”

“अभ्यास करतोय.”

दुसरा आवाज पहिल्यापेक्षा लांब होता.

“लई हुशार पोरगं हाय,” बाजीदादा म्हणाले. “मोटमोट्यानं वाचतंय.”

प्राजू ट्रे धरून माझ्यासमोर उभी राहिली. “पप्पा? भाडेकरू?”

इथे मला खरं बोलता आलं असतं. ती मला सुटायची संधीच देत होती. आणि मी... मी मान हलवली. ज्या जनावराच्या दुधावर ही पोरगी वाढली, त्याला मी तिच्या डोळ्यांदेखत इंजिनिअरिंगला घातलं! आज हे सारं लिहायला बसलोय ते त्या एका मान हलवण्यापायी.

तिसरा आवाज आला. शंकररावांनी शांतपणे पोह्यांची बशी खाली ठेवली.

“पाव्हणं, माझं बालपण गावातच गेलंय. तुमचा हा पोरगा पान्हावलाय. धारंची वेळ टळली त्याची.”

बाजीदादांनी तोंडात पोह्यांचा एवढा मोठा घास भरला, की त्यांच्याकडून काही अपेक्षाच उरली नाही. प्राजूचे डोळे भरले होते. “पप्पा, तुम्ही सांगता की मी सांगू?”

“म्हैस आहे,” मी म्हणालो. “माझी आहे. मीच कोंडली.”

माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं भाषण.

खोली उघडली. मैनेने भिंतीवरचं परीक्षेचं वेळापत्रक खाल्लं होतं, अर्धा पडदा खाल्ला होता आणि एका गादीवर... असो. बाथरूम तेवढी स्वच्छ होती! मी बादली घेऊन खाली बसलो, सडांना हात लावला, आणि पुढच्या क्षणी बादली पलंगाखाली अन् मी बादलीशेजारी.

“अगं मैने, मी आहे!”

तिने माझा वास घेतला. अत्तर. सदरा हुंगला. स्टार्च. मिशीपाशी बराच वेळ थांबली आणि तोंड फिरवलं. तीस वर्षं ज्याच्या हाताशिवाय या गोठ्यातल्या एकाही म्हशीने धार दिली नाही, त्याला म्हैस ओळखेना! शंकररावांनी बाह्या सरसावल्या, तर त्यांच्यावर शिंग उगारलं. मी त्या खोलीत गोंधळून उभा. बायको ओळखत नाही, म्हैस ओळखत नाही, मग दुपारपासून या सदऱ्यात आहे तरी कोण?

तेवढ्यात प्राजू आली. हातात माझी जुनी चट्ट्यापट्ट्याची लुंगी आणि भोकाभोकाचा बनियन. बाजीदादांनी दुपारी ते कचऱ्यात टाकले होते, तिने काढून ठेवले होते.

“घाला,” ती म्हणाली.

मी बाथरूममध्ये गेलो. (अटॅच होती, हे बरं झालं!) लुंगी नेसलो, पेंडीचं पाणी हातातोंडाला चोळलं आणि बाहेर आलो. मैनेने एकदाच हुंगलं आणि लांब श्वास सोडला. निखिलला कुणीतरी शेपूट धरायला सांगितलं आणि होणारा जावई इस्त्रीच्या पँटमध्ये शेपूट धरून उभा राहिला. बादलीत धार वाजायला लागली.

“हां,” शंकरराव म्हणाले, “आता ओळख पटली. तिला पण आणि मला पण. मग हे कागदावर का नाही लिहिलं?”

“लोक काय म्हणतील, म्हणून.”

“कुठले लोक?”

मी धार काढता काढता नावं आठवू लागलो. बादली भरली, तरी बाजीदादांपुढे दुसरं नाव सापडेना. आणि बाजीदादा तेवढ्यात गोठ्यातून गाडी काढून निघून गेले होते.

प्राजूने ‘नाही’ म्हटलं नाही. लग्नपत्रिकेत माझ्या नावाखाली मी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘शेती व दूध व्यवसाय.’ बाजीदादा अजूनही म्हणतात की उद्योजक शोभून दिसलं असतं.

दिसू दे. लोक काय म्हणतील, ही भीती माझ्यातून कायमची गेली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. लग्नाच्या सकाळी फेटा गुलाबी बांधू की केशरी, एवढंच विचारायला काय तो मी दोनदा गोठ्यात मैनेकडे जाऊन आलो.