व्याह्यांचा तिसरा बिंदू

या भूतलावरील यच्चयावत् वस्तू एका सरळ रेषेवर बसवता येतात, आणि जी बसत नाही तिची मांडणीच चुकलेली असते, अशी अढळ श्रद्धा बाळगणारा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला. आणि तो माझा व्याही व्हावा, हे माझे प्राक्तन. माझ्या सूनबाईंचे हे वडील नागपुरातल्या एका शाळेत उभा जन्म बीजगणित शिकवून निवृत्त झाले. निवृत्त शाळेतून झाले, बीजगणितातून नव्हे. मी पाठशाळेत वाढलेला. माझे गणित पंचांगापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तरीही गेली कित्येक वर्षे, दुपारचे भोजन आटोपून मी कूलरसमोर पाठ टेकावी, की फाटकाची कडी वाजते आणि काखेत आलेखाच्या कागदांची सुरळी, खिशात टोक काढलेली पेन्सिल, अशी ती मूर्ती आत येते. "शास्त्रीबुवा, झोपला नाहीत ना?" हा प्रश्न ते मला हलवून जागे केल्यानंतर विचारतात.

त्यांच्या मते समीकरणाला एकच सभ्य वेश आहे: दोन्ही चल आपापल्या सहगुणकांसह डावीकडे शेजारी शेजारी, आणि स्थिर संख्या एकटी उजवीकडे. हल्ली शिकवणीवर्गांतून y ला तेवढे डावीकडे ठेवून बाकी सारा परिवार पलीकडे ढकलतात, हे त्यांना पाहवत नाही. "अहो, एका पंगतीत बसलेल्या दोघांपैकी एकाला उठवून वेगळं ताट वाढायचं, ही काय रीत झाली?" असे ते कळवळून विचारतात, जणू ते ताट मीच वाढले आहे. रूप एकदा शुद्ध झाले की पुढचा विधी ठरलेला. x ला शून्य मानावे, y ची किंमत मिळते. y ला शून्य मानावे, x ची मिळते. दोन अक्षांवर दोन बिंदू आले, की पट्टी ठेवून रेघ ओढावी. हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावले आहे, की एकदा सायंसंध्येच्या आचमनाला 'केशवाय नमः' म्हणण्याऐवजी माझ्या ओठांवर 'x बरोबर शून्य' आले, आणि मला प्रारंभापासून पुन्हा बसावे लागले. बाजारातही तीच तऱ्हा. संत्रीवाल्यासमोर उभे राहून, केवळ संत्री घेतली तर किती मावतील, केवळ पेरू घेतले तर किती, आणि या दोन टोकांच्या मधल्या रेषेवर आपल्या घराला सोयीचा बिंदू कोणता, याचे त्यांनी भर उन्हात सविस्तर विवेचन केले. तो बिचारा शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "ते सगळं बरोबर हाय काका, पण पयले थैली तं दाखवा!" थैली घरी राहिली होती.

परंतु त्यांचा खरा जीव तिसऱ्या बिंदूत. दोन बिंदूंनी रेषा निश्चित होते, हे त्यांना मान्य आहे. मात्र ते दोन्ही चुकले तरी त्यांच्यामधून एक रेघ निमूट निघतेच, आणि पाहणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून आणखी एक किंमत घालून तिसरा बिंदू काढावा. तो रेघेवर बसला तर ईश्वराची कृपा. नाही बसला तर दोष समीकरणाचा नव्हे, काढणाऱ्याचा. आमच्या मुलांच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, माझ्या हातावर अत्तर लावता लावता ते प्रसन्नपणे म्हणाले, "तुमच्या घराची चौकशी दोघांकडे केली होती. दोघेही चांगलं बोलले. मग तिसरा म्हणून तुमच्या दूधवाल्याला गाठलं. तोही त्याच रेषेवर बसला." त्या दूधवाल्याशी आदल्याच आठवड्यात माझा दुधातल्या पाण्यावरून वाद झाला होता. माझ्या मुलाचे लग्न एका सज्जन गवळ्याच्या क्षमाशीलतेवर झाले, हे मी आजतागायत कृतज्ञतेने स्मरतो.

मागच्या उन्हाळ्यात मात्र एके दुपारी माझ्यासमोरच त्यांचा तिसरा बिंदू बसला नाही. समीकरण साधे होते, 2x + y = 6. अक्षांवरचे दोन बिंदू झाले, रेघ झाली. मग x ला एक मानले, y ला चार आले, तोंडी हिशेब निर्दोष. पण पेन्सिलीचा ठिपका एक घर बाजूला पडला. त्यांनी खोडले, पुन्हा काढले, पुन्हा तेच. "कागद भिकार आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीच्या बाजारात जाऊन त्यांनी नवे कागद आणले, मग नवी पट्टी, मग नवी पेन्सिल. ठिपका काही रेघेवर येईना. मी वाकडेपणा पाहत होतो आणि गप्प होतो; या वयात कुणाला काही सांगण्याचाही शीण येतो.

अखेर विहीणबाई स्वतः आमच्याकडे आल्या. पदराने घाम टिपत म्हणाल्या, "इवाईबुवा, यायले धड दिसून नाही राहिलं. परवा समई सोडून बाजूच्या फुलदाणीत तेल ओतलं, अन् समई कोणं सरकवली म्हणून माह्यावरच तणतणले. डॉक्टरचं नाव काढलं का म्हणतात, तुले काय समजते, कागद खराब हाय. अख्खं गाव खराब कागद वापरून राहिलं, अन् एक हेच शहाणे!" मग त्यांचा आवाज खाली आला. "डोळे गेले तं हा माणूस जगन काहून? तुम्ही घेऊन जा. तुमचं आयकतीन ते."

मी घेऊन गेलो. वाटेत ते सीताबर्डीच्या दुकानदारालाच दोष देत होते. डॉक्टर तरुण होते, अदबीचे होते. त्यांनी व्याह्यांना एक डोळा हाताने झाकायला सांगून समोर एक कागद धरला. त्यावर आलेखाच्या कागदासारखीच उभ्याआडव्या रेघांची जाळी होती. "सर, मधल्या ठिपक्याकडे बघा. रेघा सरळ दिसतात का?"

व्याह्यांचा चेहरा विजयाने उजळला. "डॉक्टरसाहेब, तुम्हालाही त्यानंच फसवलं का? मधल्या सगळ्या रेघा वाकड्या छापल्यात. परत करा हा गठ्ठा."

"सर," डॉक्टर हलकेच म्हणाले, "रेघा सरळच आहेत."

व्याह्यांनी डोळ्यावरचा हात काढला, डॉक्टरांकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिले. "शास्त्रीबुवा?"

नित्य सत्य बोलण्याचे व्रत मी मुंजीपासून पाळले, आणि ते इतके जड मला कधीच झाले नव्हते. मी म्हणालो, "सरळ आहेत."

त्यांनी मान हलवली, वर्गात मुलाचे उत्तर बरोबर आले की हलवीत असतील तशी. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मध्यभाग झिजला आहे, गेले ते परत येणार नाही, इंजेक्शनांनी उरलेले बहुधा टिकेल, असे डॉक्टरांनी सांगितले. ते सारे त्यांनी शांतपणे ऐकले. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, "त्या दुकानदाराला मी फार बोललो हो." आणि मला रिक्षात बसू न देता आधी त्या दुकानात नेले, त्याची क्षमा मागितली, आणि त्याच कागदांचा आणखी एक गठ्ठा घेतला.

आता ते एकटे येत नाहीत. विहीणबाई हात धरून आणतात. जन्मभर ज्या रेघांना या बाईंनी नावे ठेवली, त्याच त्या आता काढून देतात: ब्लाउजाच्या कापडावर खुणा उमटवायचे दातेरी चाक घेऊन, पट्टीच्या कडेने आलेखाच्या कागदावर फिरवतात. कागदाच्या पाठीवर बारीक उंचवट्यांची रेघ उठते. व्याही तो कागद उलटा ठेवून तीवरून बोट नेतात. "इथं जरा जोर कमी पडला गं," म्हणतात. "मंग तुम्हीच फिरवा चाक," असे उत्तर येते, पण पुढच्या कागदावर जोर बरोबर पडतो.

काल असेच त्यांचे बोट रेघेवरून निघाले, कागदाच्या कडेशी आले आणि न थांबता मेजावर उतरून त्याच दिशेने सरळ पुढे जात राहिले. विहीणबाईंनी त्यांना अडवले नाही. वाटेत माझी चहाची कपबशी होती; ती मी, आवाज होऊ न देता, बाजूला घेतली.