खाडीवर ऐकलेला भोंगा

आधीच सांगतो — असल्या गोष्टी लिहिणाऱ्यांविषयी आणि वाचून शहारणाऱ्यांविषयी मला काडीचाही आदर नाही. मी मेंटेनन्स इंजिनिअर. आवाज आला म्हणजे तो करणारं यंत्र कुठेतरी असतं, एवढंच मला कळतं. तरी लिहितोय, कारण हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

ब्याण्णव सालच्या दिवाळीनंतरचा रविवार. आम्ही तेव्हा सिल्वासाला, डोकमर्डीत राहायचो. आमच्या कारखान्यातल्या परचेसच्या परीखभाईंना पक्ष्यांचं खूळ. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर हिरवी टोपी... समोरच्या बेअरिंगचा नंबर धड वाचता येत नाही आणि हा माणूस लांबून पक्ष्यांची नावं सांगणार! पण माझी बायको सुनीता हट्टालाच पेटली. कंपनीची मेटॅडोर घेऊन ड्रायव्हर सोडून आम्ही आठजण निघालो. त्यात पाच कामगार, बहुतेक फुकटच्या नाश्त्यासाठी आलेले. सकाळी साडेसहाला दमणच्या अलीकडच्या एका खाडीवर पोचलो.

ओहोटी होती. घोटाभर पाण्याचा ओहोळ ओलांडून परीखभाईंनी आम्हाला पलीकडच्या वाळूच्या दांड्यावर नेलं. "भरतीला अजून दोन कलाक, म्हणजे दोन तास छे. अवाज नको, पक्षी उडी जशे!"

समोर चिखलात चोची खुपसणारे शेकडो तुतवार. सुनीता हरखून बघत होती. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "चिमण्याच या, फक्त पाय लांब झालेल्या." ती परीखभाईंबरोबर पुढे टोकाशी निघून गेली.

आणि भोंगा वाजला. आमच्याच कारखान्याचा, मध्येच घसा बसणारा, शिफ्ट सुटतानाचा... पंचवीस-तीस किलोमीटरवर! पाचही कामगार एकदम वळले आणि किनाऱ्याकडे चालू लागले. मीही. रोज पाय गेटकडे वळतात तसेच वळले. ओहोळात पाणी मांडीला लागलं तेव्हा कुठे भानावर आलो.

"सायेब, भोंगा वाजना ना?" शिरपूरचा युवराज, आमचा फिटर, त्याच्या अहिराणीत 'वाजला ना' असं विचारत होता.

मागे पाहिलं. सुनीता आणि परीखभाई अजून टोकावरच होते आणि ओहोळ भराभर भरत होता. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. तिने नुसता हात हलवला, "तुम्ही व्हा पुढे! कंटाळलात ना?" सकाळभर टिंगल केल्यावर माझं कोण ऐकणार? शेवटी मी आणि युवराज परत गेलो आणि दोघांना ओढून आणलं. येताना पाणी सुनीताच्या छातीला लागलं. परीखभाईंनी भरतीच्या कोष्टकात भलताच रकाना वाचला होता. टोपी गेली त्यांची, बरं झालं.

त्या दोघांनी भोंगा ऐकलाच नव्हता. आम्ही सहाजणांनी ऐकला. परतल्यावर मी ओल्या कपड्यांनिशी कारखाना गाठला. "आज छुट्टी है साब, कुछ नहीं बजा," वॉचमन म्हणाला. वाजणार कसा? शनिवारी मीच भोंगा खाली उतरवला होता. त्याचा फाटलेला पडदा माझ्या टेबलावर पडला होता.

वारा, भास, सवय... मित्रांनी सगळं सांगून झालं, एकही पटत नाही. भोंगा वाजला नसता तर आठहीजण गेलो असतो, हे सुनीताही मान्य करते. फक्त अधूनमधून विचारते, "वाजला ना? मग निघताना मला हाक का नाही मारलीत?"

या प्रश्नाला तर भुताचं नावही पुढे करता येत नाही.