गरीब मासा

“लिफ्टला वास राहतो गो, हेमांगी! वरच्या मजल्यावरची बाई परवा नाकाला पदर लावून जिन्याने गेली. उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या धीरजला ऐकून घ्यावं लागेल.”

“मग मी काय करू, आई? तिचा धंदा आहे तो.”

“धंदा हाय तर असू दे. आमी काय मासे खात नाय? पण पाटी घेऊन दारापर्यंत कशाला?”

“तुम्हाला काय वाटतं, मला आवडतं? मलाही लाज वाटते.”

हे भांडण जयवंतीने दाराबाहेर उभं राहून ऐकलं. डोक्यावर पाटी, पाटीत बोंबील आणि मांदेली, आणि बोट बेलच्या बटणावर टेकलेलं, अजून दाबलेलं नाही. विहीण बोलली त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. सासू बोलायचीच, न बोलणारी सासू आजारी असते. पण शेवटचं वाक्य लेकीचं होतं. ज्या पाटीच्या जिवावर हेमांगी शिकली, नर्स झाली, ती पाटी तशीच डोक्यावर ठेवून जयवंती मागे वळली. लिफ्टकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तीन जिने उतरून खाली आली.

त्या दिवसापासून पाटी खालीच राहिली. वॉचमनच्या खोलीशी ठेवायची. तो म्हणायचा, “रख दो अम्मा, बिल्ली को मैं देखता हूँ.” मग बागेच्या नळावर हात धुवायचे, अर्धं लिंबू कमरेच्या पिशवीतून काढून बोटांना चोळायचं आणि जिन्याने वर जायचं. हेमांगीने एकदा विचारलं, “आये, पाटी कुठाय?”

“खाली. गुडघे दुखतात, ओझं कशाला वर आणू?”

गुडघे दुखतात म्हणून पाटी खाली ठेवणारी बाई तीन जिने चढून कशी येते, हे गणित त्या शिकलेल्या घरात कोणी मांडलं नाही.

जयवंती समुद्रकाठच्या नवापूरची. नवरा बळवंत घरी बसून लोकांची जाळी दुरुस्त करायचा, आणि ती उजाडायच्या आत मासळी घेऊन शेअर रिक्षाने बोईसर गाठायची. उभा जन्म असा गेला. कुठल्या गिऱ्हाइकाला पापलेटाचा डोळा दाखवायचा आणि कुठल्याला नुसता भाव, हे तिला पायऱ्या चढतानाच कळायचं. लेकीने मात्र आपलं गिऱ्हाईक स्वतःच शोधलं. जावई धीरज चिंचणीकडच्या बागायतदाराच्या घरचा, चिकूच्या सावलीत वाढलेला, कारखान्यात पाळीवर जाणारा. माणूस शांत. त्याला वेड एकच. बैठकीत काचेची मोठी टाकी, तीत खारं पाणी, खडक, खडकांवर डोलणारी प्रवाळं आणि रंगीत मासे.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा जयवंती म्हणाली होती, “जावई, तीन कोसांवर अख्खा दर्या पडलाय. तो पुरला नाय तुमाला?”

“त्या दर्यातले मासे मला दिसत नाहीत ना, मामी.”

दर्यातले मासे तिने तरी कुठे बघितले होते? तिने बघितले ते पाटीतले.

टाकीत मासा आणायचा म्हणजे धीरजचं स्थळ बघणं चालायचं. वाढून केवढा होतो, प्रवाळं कुरतडतो का, कोणाशी पटतं, कोणाशी नाही, याची महिनाभर चौकशी. जयवंती भुईवर बसून ऐकायची.

“आधी गरीब मासे सोडायचे, मामी. त्यांनी आपापले कोपरे धरले की मग तापट सोडायचे. तापट आधी सोडला तर सगळी टाकी त्याचीच.”

“आमच्यात उलटं. तापट आधीपास्नं घरात असते, गरीब मागनं येते.”

आत स्वयंपाकघरात विहिणीच्या, नर्मदाबाईंच्या भांड्यांचा आवाज जरा वाढला.

“आणि हे बघा, ही नारिंगी जोडी. मोठी ती मादी. राज्य तिचंच. ती मेली तर नराचीच मादी होते.”

“त्यात काय नवल? सासू गेली की सून सासू होतेच.”

धीरज हसून हसून खोकला. मग डोळे पुसत म्हणाला, “पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. ज्याच्या तोंडात जे मावेल, ते तो खाणार. मग तो कितीही गरीब दिसो.”

त्या नारिंगी जोडीला जयवंती नवरा-नवरी म्हणायची. अंगाला हळद लागल्यासारखी दिसायची दोघं. दर शुक्रवारी ती टाकीतल्या माशांसाठी ताजी करंदी, म्हणजे छोटी कोळंबी, सोलून, बारीक करून, स्टीलच्या डबीत आणायची. ती काचेशी आली की सगळे मासे पुढे धावायचे. त्या घरात तिच्या वासाला धावून येणारे तेवढेच.

एका अमावास्येच्या ओहोटीला ती खडकांवर कालवं काढायला गेली होती. तिथे एका खळग्यात मासा अडकलेला दिसला. हेकराचं पिल्लू. चार बोटांएवढं, अंगावर तपकिरी पट्टे, दगडाला टेकून बसलेलं. शाळेत पहिल्या दिवशी आलेलं पोर बसतं तसं. जयवंती ओणवून बघत राहिली. आणि तिच्या मनात आलं, जिवंत माशाला वास नसतो.

तिने डबा रिकामा केला, समुद्राचं पाणी भरलं, पिल्लू त्यात घेतलं. बोईसरला सोसायटीत पोचल्यावर पाटी खाली ठेवली, हात धुतले, आणि त्या दिवशी ती लिफ्टने वर गेली. वरच्या मजल्यावरची बाई लिफ्टमध्ये होती. जयवंतीने तिला झाकण उघडून मासासुद्धा दाखवला.

धीरज हरखला. “नाव काय ह्याचं, मामी?”

हेकरू हा शब्द जिभेच्या टोकावर होता. पण दारात नर्मदाबाई उभ्या होत्या. हेकरू म्हणजे कालवणाचा मासा. पाटीतलाच उचलून आणला म्हणतील. “खडकातला हाय,” जयवंती म्हणाली.

“कोणाला त्रास देईल का?”

“छे! गरीब हाय. बसला की बसला. हलत पण नाय.”

महिनाभर चौकशी करणाऱ्या जावयाने सासूच्या एका शब्दावर मासा ठेवून घेतला. थोडे दिवस वेगळ्या बादलीत ठेवला, काही रोगबीग आहे का ते बघायला. रोग नव्हता. मग टाकीत सोडला.

आधी लाल पट्ट्यांची कोळंबी नाहीशी झाली. धीरजला वाटलं, कात टाकताना मेली असेल. मग निवटीसारखा तळाला बसणारा एक छोटा मासा गेला. आणि मग नवरा गेला. नवरी एकटीच खडकाभोवती फेऱ्या मारत राहिली.

त्या शुक्रवारी जयवंती डबी घेऊन पोचली तर दार उघडंच होतं. धीरजचा कधी न चढणारा आवाज चढलेला.

“किती वेळा सांगितलं, आई, टाकीच्या खोलीत डासांचा फवारा मारू नकोस! पाण्याला विष आहे ते.”

“नाय रे मारला मी.”

“मग आपोआप मेले?”

“नीट आठवून बघा, आई,” हेमांगी म्हणाली. “विसरायला होतं ह्या वयात.”

नर्मदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत उभ्या होत्या. जयवंतीने टाकीत बघितलं. दगडाच्या मागे हेकराचं पिल्लू बसलं होतं, आणि त्याचं पोट टरटरून फुगलं होतं.

तिला तिथेच सगळं कळलं. तोंड उघडायचाच काय तो अवकाश होता. पण तिने तोंड उघडलं नाही. लिफ्टला वास राहतो म्हणणारी बाई आज स्वतःच्या घरात मान खाली घालून उभी होती, आणि ते बघायला जयवंतीला बरं वाटत होतं. तिने करंदी टाकली, रिकामी डबी घेतली आणि निघाली. जिना उतरताना ती हळदीचं एक गाणं गुणगुणत होती. पुढे त्या गुणगुणण्याची तिला इतकी लाज वाटली की ते गाणं तिने परत कुठल्याच हळदीत म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोईसरच्याच एका चाळीत काशीबाई नावाच्या गिऱ्हाइकाने हेकरू घेतला आणि साफ करून मागितला. जयवंतीने विळीवर पोट फाडलं. आतून अख्खा मासा निघाला, चांदीसारखा, डोळे सताड उघडे.

“अगो बाय!” काशीबाई म्हणाली. “आणि दिसतो केवढा गरीब!”

“पाटीत सगळेच गरीब दिसतात, बाय,” जयवंती म्हणाली. हे ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती. गिऱ्हाईक हसायचं. काशीबाईही हसली. जयवंतीचा हात मात्र विळीवर थांबला. असे किती हेकरू तिने फाडले होते, त्यांच्या पोटातून काय काय काढून टाकलं होतं! तिला ठाऊक नव्हतं असं कुठे होतं? जावयाने विचारलं तेव्हाही ठाऊकच होतं.

पाटीत मासळी शिल्लक असताना ती उठली. सोसायटीत पोचली, पाटी ठेवली, हात धुतले, लिंबू चोळलं, वर गेली. धीरज कामावर, हेमांगी दवाखान्यात. नर्मदाबाई एकट्याच तांदूळ निवडत होत्या.

“विहीणबाई,” जयवंती उभ्या उभ्याच म्हणाली, “तुमी काय मारलं नाय. मी आणलेला मासा हेकरू हाय. त्यानेच खाल्ले.”

नर्मदाबाईंनी सुपातून मान वर केली. “म्हाईत हाय मला.”

“तुमाला?”

“चिंचणीत मोठी झाले मी. हेकरू ओळखणार नाय? दुसऱ्याच दिवशी ओळखला.”

“मग बोललात का नाय?”

“कुठल्या तोंडाने बोलू? एकदा बोलले तर तुमची पाटी खाली गेली. हेमांगी तुमाला सांगणार होती. तिने सांगायच्या आधीच गेली. तेव्हाच मी समजले, तुमी दाराबाहेर होता.” त्या एक खडा वेचून बाजूला ठेवत म्हणाल्या, “तुमी पयल्यांदा या घरात काहीतरी मिरवत आणलंत. त्यालाही नाव ठेवू?”

इतकी वर्षं जयवंतीला वाटत होतं, तो अपमान आपण एकटीनेच झाकून ठेवलाय. विहिणीनेही तो तेवढ्याच निगुतीने झाकला होता.

“आन काल बोलणी खाल्लीत ती?”

“माझ्याच लेकाची ती. पचतात. आता धीरजला काय सांगू नका. माझ्या नावावर गेलंय, जाऊ दे.”

जयवंतीला हे बोलणं त्या जुन्या भांडणापेक्षा जड गेलं. ती भुईवर बसली आणि धीरज येईपर्यंत उठली नाही. नर्मदाबाईंनी दोनदा चहा दिला.

दिवेलागणीला धीरज आला, मागोमाग हेमांगी. जयवंतीने चार शब्दांत सांगितलं. धीरज एवढंच म्हणाला, “मी विचारलं होतं तुम्हाला, मामी.”

“इचारलं होतं,” ती म्हणाली. “मला नाव घ्यायची लाज वाटली.”

हेमांगीने आईकडे बघितलं. तिला काय आठवलं, कोण जाणे. ती उठून दिवा लावायला आत गेली.

धीरजने खडक बाजूला काढले, आईसमोर जाऊन “चुकलो” म्हणाला आणि पिल्लू जाळीत धरून जयवंतीच्या डब्यात दिलं. ते अंगाने चांगलंच भरलं होतं. नर्मदाबाई म्हणाल्या, “कालवण झालं असतं.” कोणी हसलं नाही; त्याही नाहीत. भरतीच्या वेळी जयवंतीने ते त्याच खडकांत सोडलं. हातात आलेला हेकरू तिने जन्मात पहिल्यांदा पाण्यात परत टाकला.

पुढे नर्मदाबाई दर शुक्रवारी म्हणायच्या, “पाटी वर आणा हो, लिफ्टने या.” जयवंती “हो हो” म्हणायची आणि दर शुक्रवारी जिनाच चढायची. गेल्या साली गुडघे खरोखरच गेले, तेव्हा तिने धंदा सोडायचं ठरवलं. शेवटच्या शुक्रवारी मांदेली लवकर संपली. तिने पाटी वॉचमनपाशी ठेवली, नळावर हात धुतले, बोटांना लिंबू चोळलं आणि कठड्याला धरत तीन जिने चढली. नवरीला धीरजने नवा नवरा आणला होता, अजून लहान, तिच्या मागे मागे फिरणारा. जयवंतीने डबी उघडून करंदी सोडली. दोघं काचेशी धावली. रिकामी डबी विसळून तिने पिशवीत ठेवली, विहिणीला “येते हां” म्हटलं आणि जिना उतरून खालची पाटी डोक्यावर घेतली.