करवंदीखालचं सारवण

माझी मुलगी करवंदीच्या जाळीत बसून जमिनीतला गॅस मोजते, असं मी कोल्हापुरात कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडं नीट बघून घेतो आणि मग विषय बदलतो. त्याची चूक नाही. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. एवढी शिकली, संशोधनाला लागली, आणि फिरून आली कुठं, तर आमच्या आजऱ्याकडच्या माळावर!

त्या माळावर करवंदी, घाणेरी आणि तोरणीची झुडपं यापलीकडं कधी काही उगवलं नाही. पण मे महिन्यात आम्ही पोरं सकाळी जाळीत शिरायचो ते पोटात कळ आल्यावरच बाहेर यायचो. पानांचे द्रोण करून करवंदं भरायची, चिकानं ओठ चिकटायचे, आणि शर्ट फाटला म्हणून आई पाठीत धपाटा घालायची. तो धपाटासुद्धा आता हवाहवासा वाटतो. नोकरीसाठी कोल्हापूर धरलं आणि हे सगळं सुटलं. आई गेल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, गावात एकटेच राहिले. "कोल्हापुरात चला" म्हटलं की म्हणायचे, "फ्लॅटात नेऊन मला काय कोंबडीगत डालायचं हाय?" मग मीच सणावारी जाऊन तोंड दाखवून यायचो.

मुलीनं पहिल्या खेपेला झुडपांखाली प्लास्टिकची रुंद कडी जमिनीत रोवली. ती कडी कायम तिथंच राहायची. दर महिन्याला ती यायची, कड्यांवर झाकणं बसवायची आणि आत साठलेली हवा सुईनं ओढून बाटल्यांत भरायची.

"गोबरगॅसमध्ये असतो ना आबा, तोच मिथेन," तिनं समजावलं. "ही झुडपांखालची माती तो सोडते का ओढून घेते, आणि वर्षं सरतील तसं त्यात काय बदलतं, ते बघायचंय."

"म्हंजी डोंगराला इंजेक्शन द्यायला आलीयास की!" आबा म्हणाले.

चेष्टा केली खरी, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माळाची राखण सुरू केली. आग, कोयता आणि जनावर तिथं शिरता कामा नये, एवढीच नातीची अट होती. भाताच्या रोपांसाठी तरवा टाकायच्या आधी जमीन भाजायला आबा दरसाल तिथल्याच फांद्या तोडून आणायचे. नातीसाठी तेही त्यांनी थांबवलं. कुणाची म्हैस तिकडं वळली तर त्यांची हाक वेशीपर्यंत ऐकू जायची.

काम शेवटच्या वर्षात आलं. एवढं एक वर्ष नीट पार पडलं की प्रबंध पुरा होणार होता आणि ती बंगळुरूला नोकरीवर जाणार होती. तिचे सर जागा बघायला येणार, असं तिनं आबांना फोनवर कळवलं. त्या दिवशी मीही गाडी घेऊन सोबत होतो.

माळावर पोचलो आणि आम्ही तिघंही जागीच थांबलो. करवंदीखालचा पालापाचोळा झाडून काढलेला. कड्यांच्या भोवती आणि कड्यांच्या आतसुद्धा शेणानं स्वच्छ सारवलेलं. वर रांगोळीच्या दोन वाकड्या रेघा. बाजूला आबा धुवट टोपी घालून उभे होते, आणि हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले.

"या पावणं," ते सरांना म्हणाले.

पोरगी किंचाळलीच. "आबा, काय करून ठेवलंत हे! मातीचं तोंडच बुजवलंत! अहो, शेणातनं तोच गॅस येतो!"

"आग न्हाय, कोयता न्हाय, जनावर न्हाय," आबा बोटांवर मोजत म्हणाले. "सारवू नगा म्हणून कवा बोल्लीस? तुजं सर येणार, आणि जागा तशीच ठिवायची व्हय?"

सर भला माणूस. घरी येऊन चहा प्याले, आबांना नमस्कार केला आणि गाडीजवळ आल्यावर हळू आवाजात म्हणाले, "हे वर्ष धरता येणार नाही. नवी कडी दुसऱ्या झुडपांत रोवा आणि पुन्हा वर्षभर मोजा." परतताना गडहिंग्लज येईपर्यंत पोरगी रडत होती. मला आबांचा संताप आला होता, पण त्यांचे ते माखलेले हात डोळ्यांपुढून हलत नव्हते.

बंगळुरूची नोकरी लांबली. आजोबा आणि नातीची बोलचाल बंद झाली, त्यामुळं दर महिन्याला मध्यस्थ म्हणून मला जावं लागायचं. "पप्पा, आबांना सांगा, लांब बसायचं." आबा चार हातांवर असायचे, सगळं ऐकायचे आणि निमूट लांब बसायचे. झाकणाखाली हवा साठेपर्यंत मलाही काही काम नसायचं. मी त्यांच्याशेजारी बसायचो. आधी पावसापाण्याचं बोलणं व्हायचं. मग हळूहळू ते आईचं बोलायला लागले.

"तुजी आई सारवाय बसली की हात उचलायची न्हाय. एका दमात आख्खं आंगण. मी निस्तं बगत बसायचो." मग त्यांनी विचारलं, "मला जमलंतं का रं?"

तेवढंच त्यांना इतके महिने विचारायचं होतं. मी म्हणालो, "आईसारखंच झालतं, आबा."

पोरगी पाठमोरी बसून हवा ओढत होती. उठली, बाटल्या पेटीत ठेवल्या आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्याजवळ येऊन बसली. "आबा, भूक लागली," एवढंच म्हणाली.

वर्ष पुरं झालं, ती बंगळुरूला गेली आणि दिवाळीच्या आत आबा गेले. सारवणाचं ते वर्ष तिच्या प्रबंधात कुठंच नाही. "माझं एक वर्ष फुकट गेलं, पप्पा," असं ती फोनवर अजून कधी तरी म्हणते, आणि मी हूं म्हणतो. त्या वाढीव वर्षात मी माझ्या बापाजवळ बसलो, त्याआधी कधी बसलो नव्हतो, हे तिला सांगायला जातो आणि "जेवलीस का?" एवढंच विचारतो.