गौरीजेवणानंतरची मॅच

आम्ही देश सोडून पॅरामॅटाला आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी शेजारच्या युनिटमध्ये एक रशियन फुटबॉलपटू राहायला आला. पस्तिशीचा, उंच, अबोल. इथल्या एका छोट्या क्लबकडून तो स्ट्रायकर म्हणून खेळायचा, म्हणजे त्याचं काम एकच: गोल मारायचा. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. पण शुक्रवारी मी घरून काम करायचे आणि चारच्या सुमाराला लॅपटॉप मिटून मागच्या पायरीवर चहा घेऊन बसायचे. तोही त्याच्या पायरीवर लिंबू पिळलेला काळा चहा घेऊन बसलेला असायचा.

हिवाळ्यातलं ते कोवळं ऊन, समोर वाळत घातलेले कपडे, आणि त्याचं थांबत थांबत येणारं इंग्रजी. मला ते सगळं अर्धवट झोपेत ऐकल्यासारखं वाटायचं. त्याचं गाव नदीकाठी होतं, आणि ती नदी सहा महिने गोठलेली असायची. मैदानावरचा बर्फ खेळाडूच फावड्याने ओढायचे, मग त्याच घामाच्या कपड्यांत खेळायचे. एकोणिसाव्या वर्षी तो गावच्या संघात आला, चोविसाव्या वर्षी मॉस्कोत. तिथे दोन हंगाम लोक त्याच्या नावाने ओरडायचे, आणि तिसऱ्या हंगामात त्याच लोकांनी त्याला शिव्या घातल्या. मग सायप्रस, मग कझाकस्तान, मग मलेशिया. तिथे म्हणे संध्याकाळच्या पावसात बॉल चिखलात रुतून बसायचा आणि तो एकटाच हसत सुटायचा. कुठली गोष्ट कुठल्या देशातली, हे माझ्या डोक्यात केव्हाच मिसळून गेलं. समुद्र, बर्फ, नारळाची झाडं, सगळं एकाच मैदानाभोवती उभं आहे असं वाटायचं.

त्या वर्षी हंगाम संपत आला तेव्हा त्याने सांगितलं, की शेवटच्या मॅचनंतर क्लब त्याच्या कराराचं ठरवणार आहे. करार वाढला तर व्हिसा, नाहीतर सामान बांधायचं.

"एकच वर्ष हवंय," तो म्हणाला. "मग मी स्वतःच थांबेन. दुसऱ्या कुणी थांबवायच्या आत."

आमचं पीआरचं, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचं, पत्र यायच्या आधीचे चौदा महिने मला आठवले. रोज सकाळी दात घासायच्या आधी ईमेल बघायचे मी. वाट बघणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको.

शेवटची मॅच रविवारी तीनला होती, आणि नेमक्या त्याच दिवशी आमच्याकडे गौरी जेवणार होत्या. पुरणपोळीचा घाट घातलेला. म्हटलं, एवढा मोठा दिवस त्याचा, बिचारा एकटा ब्रेड खाऊन जाणार की काय? बाराला बोलावलंच. नवरा म्हणाला, "अगं, मॅच आहे त्याची." मी म्हटलं, "मग काय, उपाशी पळू दे?"

आता आपल्याकडचं जेवायला वाढणं कसं असतं ते काय सांगायचं! पाहुण्याचं पहिलं 'नको' ऐकायचंच नसतं. दुसरं ऐकून हसायचं असतं. तो ताटावर आडवा हात धरेल तेव्हा कुठे थांबायचं. या बाबाला हे कुणी शिकवलेलंच नाही. त्याच्या आईच्या घरी ताटात काही टाकलं तर तिचा अपमान. तो मान खाली घालून ताट स्वच्छ करायचा, आणि मला रिकामं ताट दिसलं की माझा हात आपोआप पुढे जायचा. पोळी, वर तुपाची धार. परत पोळी. कटाची आमटी वाटीने प्यायला तो. सहा पोळ्या! सहावी वाढताना नवऱ्याने माझ्याकडे डोळे वटारले, पण मी कसली बघतेय.

मैदानावर आम्ही फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलो. वाऱ्यावर कुठूनतरी वॅटलच्या फुलांचा पिवळा वास येत होता, पोरं कुत्र्यांच्या मागे पळत होती, आणि तो पाण्याखाली चालल्यासारखा चालत होता. बाकी सगळे धावत होते, तो पोचत होता. दुसऱ्या हाफमध्ये बॉल अलगद त्याच्या पायाशी आला. समोर गोलकीपरसुद्धा नव्हता, तो केव्हाच आडवा पडला होता. मलासुद्धा कळलं, की आता गोल. त्याने पाय उचलला, आणि बॉल खांबाच्या बाहेरून संथपणे निघून गेला. "अनलकी, मेट," कुणीतरी म्हणालं. कुणी शिवी दिली नाही. मला मात्र धरणी दुभंगावी असं झालं. अनलकी कसला, माझ्या सहा पोळ्या त्या!

मंगळवारी क्लबचा ईमेल आला. नाही म्हणून.

त्यानंतर मी रोज डबा घेऊन त्याच्या दारात. मंगळवारी खिचडी, बुधवारी भाजी-पोळी, गुरुवारी मऊ वरणभात. ऑफिसातून दमून येऊन आधी त्याचा डबा भरायचे, मग आमची पानं घ्यायचे. दारात उभी राहून इकडचं तिकडचं बोलायचे, तोही बोलायचा, आणि खरी गोष्ट काही केल्या माझ्या तोंडातून निघायची नाही. सोमवारी शेवटी बांध फुटला. त्याची बॅग उघडी पडली होती, आणि मी दारातच रडत म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मी तुला खाऊ घालून घालून मारलं."

तो पलंगावर बसला आणि त्याने ट्रॅक पँटचा पाय वर ओढला. गुडघा केवढा सुजला होता! दोन महिने तो इंजेक्शनं घेऊन खेळत होता, क्लबपासून लपवून. त्या रविवारी सकाळी त्याला पायरी उतरता येत नव्हती. आपण धड खेळू शकणार नाही, हे त्याला आमच्याकडे जेवायला बसायच्या आधीच माहीत होतं.

माझं रडणं जागच्या जागी थांबलं आणि राग आला. असा राग आला म्हणता!

"मेल्या, मग सांगायचं नाही का? आठवडाभर जीव खाल्ला मी माझा!"

तो बॅगेतल्या मोज्यांच्या जोड्या लावू लागला.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू रोज आली असतीस का?"

मी आत जाऊन त्याच्या शेजारी बसले आणि उरलेले मोजे गुंडाळायला घेतले.